विहीर आहे, म्हणजे काय आहे?

बाई, परवा चर्चमध्ये तुमच्या स्मरणाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं ते सगळं खरं होतं, आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हता. शेवगावकडच्या शाळामास्तरांची लेक, नगरच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका, रविवारच्या शाळेत मुलांना गाणी शिकवणाऱ्या, शांत, मितभाषी. मितभाषी! मी मागच्या बाकावर होतो. मला हसू फुटलं. शेजारच्या आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिशात रुमाल शोधायला लागलो. थोड्या वेळाने तो खरंच लागला, ती गोष्ट वेगळी.

मितभाषी माणूस भर दुपारी सरकारी कार्यालयात शिरून टेबलावर छत्री आपटत नाही. "दत्तू, विहीर म्हणजे काय ते सांग मला," असं सगळ्या कारकुनांच्या देखत ओरडत नाही. तुम्ही ओरडला होता. पाळकसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण ते टेबल माझं होतं.

मी तुमचा विद्यार्थी, पण नाव काढावं असा नव्हे. तर्कशास्त्राच्या पेपरात तुम्ही मला अडतीस गुण दिलेत आणि वर्गात म्हणालात, "दत्तूला उत्तरं येतात, प्रश्न येत नाहीत." मी मनाला लावून घेतलं नाही. आकड्यांत माझं डोकं चालायचं. पुढे संख्याशास्त्राकडे वळलो, नगरलाच एका कार्यालयात सांख्यिकी सहायक म्हणून चिकटलो, आणि बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला तेव्हा साहेबांनी जामखेडकडच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याची मोजणी माझ्याकडे सोपवली. फॉर्म मी तयार केला. गावोगावचे ग्रामसेवक तो भरून पाठवायचे, मी त्यातली उत्तरं आकड्यांत बसवायचो, आणि पुण्याला त्यांची कार्डं व्हायची.

त्या कार्डांचा मला कोण अभिमान! तुम्हांला मी ते पहिलं कार्ड घरी येऊन दाखवलं होतं, आठवतं? पोस्टकार्डापेक्षा थोडं लांब, पातळ पुठ्ठ्याचं. त्यावर ऐंशी उभे रकाने, प्रत्येक रकान्यात शून्यापासून नवापर्यंत आकडे. ज्या आकड्यावर भोक, तो आकडा. अशी शेकडो कार्डं यंत्रात घातली, की यंत्र एकेक रकाना पाहून ती वेगवेगळ्या खणांत टाकतं. ज्या गावाच्या विहिरींच्या रकान्यात शून्यावर भोक, ते कार्ड शून्याच्या खणात. त्या खणातल्या गावांना टँकर आधी. माणसाचा हात लागायला नको, वशिला नको. तुम्ही कार्ड उजेडासमोर धरून भोकातून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "गंमत आहे. यातलं खरं काम पुठ्ठा नसलेली जागा करते." मला वाटलं, बाईंनी कौतुक केलं.

आणि मग महिन्याभरात ती छत्री.

तुमच्या कॉलेजच्या मुलींचं शिबिर दुष्काळी कामावर गेलं होतं, रस्त्याची खडी फोडायला. ते नेमकं आमच्या वाडीजवळ, जामखेडच्या पुढे डोंगराच्या कडेला. हे मला माहीत नव्हतं.

"बाई, आधी बसा. पाणी मागवतो," मी म्हणालो.

"पाणी नंतर. विहीर म्हणजे काय?"

"विहीर म्हणजे विहीर. खणलेली, बांधलेली, पाण्यासाठी."

"पाण्यासाठी, की पाण्याची?"

तुम्ही खुर्ची ओढलीत. "तुझ्या वाडीच्या फॉर्मवर विहिरी किती लिहिल्यास?"

फॉर्म काढायची गरज नव्हती; माझ्या गावाचा तो मीच भरला होता. "तीन."

"जाऊन पाहिल्यास?"

"माझं गाव आहे ते, बाई. लहानपणापासून पोहलोय त्यांत. जाऊन काय पाहायचं?"

"दोन ठणठणीत कोरड्या आहेत. तिसरी, मारुतीपुढची, तिला पाणी आहे. आणि खालच्या वस्तीतल्या बायका त्या विहिरीपासून लांब घागरी घेऊन उन्हात बसून असतात. वरच्या आळीतली एखादी आली आणि तिच्या मनात आलं, तर ती त्यांच्या घागरीत वरून ओतते. मनात नाही आलं तर नाही. हे तू यंत्राला कुठल्या रकान्यात सांगितलंस?"

खालची वस्ती म्हणजे गावकुसाबाहेरची. ती तिथं होती, हे मला ठाऊक होतंच. तिथले लोक माझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या शेतावर कामाला यायचे. फक्त माझ्या फॉर्मवर ती नव्हती. फॉर्म गावाचा होता, आणि गाव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वरची आळी यायची.

मी म्हणालो, "यंत्राला एवढं बारीक कळत नाही."

"यंत्राला काहीच कळत नाही. जगात काय काय आहे, हे त्याला तू सांगतोस. तू सांगशील ते आहे, तू वगळशील ते नाही. हा ब्रह्मदेवाचा उद्योग तू अडतीस मार्कांवर करतो आहेस, दत्तू!"

गोंगाट ऐकून आमचे साहेब बाहेर आले. "काय चाललंय इथं?"

"सत्ताशास्त्र," तुम्ही म्हणालात.

साहेब दचकले. "हे बघा बाई, सरकारी कचेरी आहे ही. इथं राजकारण नको."

मग तुम्ही हसलात, आणि तुमचा तो मोठा, खणखणीत आवाज जरा खाली आला. तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत, जसं आम्हांला पहिल्या वर्षी सांगायचा. सत् म्हणजे असणं. असण्याचं जे शास्त्र ते सत्ताशास्त्र. जगात मुळात कोणत्या जातीच्या गोष्टी आहेत? टेबल आहे हे दिसतं. टेबलाचा रंग हा टेबलाहून वेगळा असा काही आहे का? आकडा आहे का? मामा-भाच्याचं नातं आहे का, आणि असेल तर ते कुठे ठेवलेलं असतं? ग्रीकांनी हे विचारलं, आपल्याकडे वैशेषिक दर्शनवाल्यांनी विचारलं आणि सात खण पाडले: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव. "सातवा ध्यानात घ्या साहेब. अभाव. नसणं. त्यांनी नसण्यालासुद्धा जगाच्या यादीत जागा दिली."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण सत्ता म्हणजे आमच्या भाषेत—"

"तुमच्या भाषेतही तेच. तुम्ही इथं बसून कोण आहे आणि कोण नाही ते ठरवता. तिथं दोन्ही अर्थ एक होतात."

पुढच्या रविवारी तुम्ही उपासना चुकवलीत. माझ्या माहितीत एवढी एकच. आपण पहाटेच्या एस.टी.ने जामखेडला गेलो आणि तिथून वाडीला चालत. दादा कामावर गेले होते. मारुतीपुढच्या विहिरीवर माझी वहिनी पाणी शेंदत होती.

"अगं बया, भावजी! आन् या कोन?"

"आमच्या कॉलेजच्या बाई."

वहिनीने पदर सावरला आणि लगेच तांब्या भरून तुमच्यापुढे धरला. पाहुण्याला पाणी द्यायचं, हे ती दुष्काळातही विसरली नव्हती. तुम्ही तांब्या हातात घेतलात, पण प्यायला नाहीत.

"विहीर कोणाची ही?"

"गावाची की."

"आणि त्या कोण बसल्यात?"

"त्या व्हय? खालच्या वस्तीतल्या."

"त्या गावातल्या नाहीत?"

"हायेत की," वहिनी म्हणाली. "पन..."

ते 'पन' तसंच लोंबत राहिलं. बाई, तुमची व्याख्यानं मी तीन वर्षं ऐकली. आमच्या गावाचं सगळं सत्ताशास्त्र त्या एका शब्दात होतं, आणि तो शब्द माझ्या घरातला होता.

बसलेल्यांतली एक उठून आपल्याकडे आली. ताराबाई. पन्नाशीची, कपाळावर खडीची धूळ, तुम्हांला शिबिरापासून ओळखत होती. तिने आधी तुम्हांला रामराम केला, मग मला, मग विहिरीकडे बोट केलं.

"बाई, हीर हाय. म्या न्हाई म्हनत न्हाई. लगीन हून आल्ये तवापासनं बघत्ये. पर ती बघायला हाय. प्यायला न्हाई."

तुम्ही पिशवीतून वही काढून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलंत. मग वहिनीकडे वळलात, अगदी साध्या आवाजात. "माझी आजी अशाच वस्तीतली होती. शेवगावकडची. आता हे पाणी मी पिऊ का नको, ते तुम्ही सांगा."

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलला नव्हता, मीही कधी विचारलं नव्हतं. तुमचे वडील संस्कृत स्वतःचं स्वतः शिकले, एवढंच तुम्ही सांगायचा. का स्वतःचं स्वतः, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. मला प्रश्न येत नाहीत, हे तुम्ही म्हणालाच होता.

वहिनीने हातातला दोर काठावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "प्या."

तुम्ही सगळा तांब्या प्यायलात. आपण निघालो. शंभर पावलांवर मी मागे वळून पाहिलं, तर वहिनी तो तांब्या राखेने घासत होती. एकदा घासला, विसळला, परत घासला. मी तुम्हांला काही बोललो नाही. तुम्ही मागे वळून पाहिलं नव्हतंत. किंवा पाहायची तुम्हांला गरज नव्हती.

परतीच्या एस.टी.त मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, की मी खुर्चीत बसून तीन लिहिलं, ते चुकलं. दुसरी, त्या तांब्याची. दोन्ही जिभेवर आल्या. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "कार्डावर किती रकाने रिकामे आहेत?"

"तीन. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी."

"पुष्कळ झाले. पेन्सिल काढ."

आणि हलत्या गाडीत, तुमच्या पिशवीतल्या जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर आपण जग पुन्हा मांडायला बसलो. माफी राहून गेली. मला वाटतं, तुम्हांला ती ऐकायची नव्हती. तुम्हांला रकाने हवे होते.

पहिला रकाना तुम्ही सांगितलात: कार्ड कशाचं? गावाचं एक, वाडीचं वेगळं, प्रत्येक वस्तीचं वेगळं. "आधी वस्ती आहे म्हण. मग तिला काय नाही ते बघू." दुसरा मी सुचवला: आज पाणी आहे की नाही. विहीर हे द्रव्य, पाणी असणं हा तिचा आजचा गुण. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले होते म्हणून घोटाळा झाला होता. तुम्ही माझ्या पाठीत थाप मारलीत. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

तिसऱ्या रकान्याच्या वेळी गाडी कुठे पोचली होती, ते मला आठवत नाही. आठवतो तो तुमचा आवाज. "नाही म्हणजे काय नाही?" तुम्ही विचारत होता. "नसणं चार तऱ्हांचं. अजून झालंच नाही, ते एक. होतं आणि गेलं, ते दुसरं. कधीच नव्हतं आणि होणारही नाही, ते तिसरं. आणि चौथं, हे ते नव्हे."

मी आकडे घातले. एक: विहीर अजून खणलीच नाही. दोन: पाणी होतं, आटलं. तीन: नुसता कातळ, इथं लागणारच नाही. चार: पाणी आहे, पण ते ह्यांचं नव्हे.

लिहिता लिहिता माझा हात थांबला. बाई, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. मला एकदम दिसलं, की प्रत्येक नाहीला औषध वेगळं आहे. एकला खणायची. दोनला गाळ काढून खोलवायची. तीनला टँकर, दुसरा इलाज नाही. आणि चारला पाणी शोधायचंच नाही, तिथं गावालाच काहीतरी करावं लागणार. माझ्या जुन्या फॉर्मने या चौघांना एकच नाव दिलं होतं, आणि आमच्या वाडीला तर तेही दिलं नव्हतं. शेकडो वर्षांपूर्वी कुणी झाडाखाली बसून नसण्याच्या जाती मोजल्या, त्या इथं टँकरला रस्ता दाखवत होत्या!

"चौथं जरा ओढूनताणून बसवलंय," तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात. "एखादे शास्त्रीबुवा मला रागावतील."

"रागावू द्या," मी म्हणालो. तुम्हांला मी असं पहिल्यांदाच बोललो.

साहेबांकडे कागद घेऊन गेलो तेव्हा तुम्ही बरोबर होता, पण बोलायचं मला होतं. तुम्ही तसं बजावलं होतं. साहेबांनी तीन वेळा वाचलं. "कार्ड भरलंय ना सगळं?" म्हणाले. मी तीन रिकामे रकाने दाखवले. "पुन्हा मोजणीला माणसं कुठून आणू?" तुमच्या मुली तयार होत्या; खडी फोडून हातांना घट्टे पडलेल्या त्या मुलींना आता पायी वस्त्या फिरायच्या होत्या, आणि त्या उड्या मारत होत्या. शेवटी साहेबांनी चष्मा काढला.

"चार नंबर काढा. बाकी मी सही करतो. चार नंबरने गावोगाव भानगडी होतील."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही छताकडे बघत होता. मग मीच म्हणालो, "साहेब, चार काढला तर ती माणसं एकमध्ये घालू, दोनमध्ये, का तीनमध्ये? कुठंतरी तर आहेत ना ती?"

साहेबांनी सहीच्या पेनाचं टोपण काढलं. "आमच्या गावात आहे अशी विहीर," ते एवढंच म्हणाले, आणि सही केली.

बाहेर जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "आज तुला प्रश्न आला." बाई, त्यानंतर मला बढती मिळाली, लग्न झालं, मुलगी झाली. पण त्या जिन्यात मी जितका ताठ चाललो, तितका पुन्हा चाललो नाही.

आणि पुणं! पांढरी साडी इस्त्री करून, केसांत नेहमीचा एकच आकडा लावून तुम्ही माझ्याबरोबर यंत्र बघायला आलात. थंडगार खोली, मोठ्या कपाटाएवढं यंत्र, शेजारी वर्गवारीचं लांबट यंत्र आणि त्याचे ओळीने मांडलेले खण. चालवणाऱ्याने कार्डांचा गठ्ठा ठोकून सारखा केला, ऐंशीवा रकाना लावला आणि बटण दाबलं. फर्रर्र आवाज झाला, पाखरांचा थवा उठावा तसा. कार्डं पळत सुटली. एकच्या खणात थोडी, दोनच्या खणात बरीच, तीनच्या खणात मोजकी. आणि चारच्या खणात पडायला लागली ती पडतच राहिली. खण भरला, तसं यंत्र आपोआप थांबलं. चालवणारा म्हणाला, "काहीतरी चुकलंय वाटतं." त्याने गठ्ठा काढून बाजूला ठेवला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चारच.

काही चुकलं नव्हतं. तुम्ही त्या गठ्ठ्यावर हात ठेवलात. "बघ दत्तू, नसणं किती जाड असतं." आणि मग तुम्ही, मितभाषी प्राध्यापिका, त्या खोलीत टाळ्या वाजवल्यात. दुःखाने नव्हे, हे मी शपथेवर सांगतो. जे आजवर कुणाच्या हिशेबात नव्हतं ते सगळ्यांसमोर टेबलावर पडलं होतं, हातात धरता येत होतं, आणि आता कुणाला नाही म्हणता येणार नव्हतं.

चहा पिताना आपण भांडलोच. मी म्हणालो, या चार जाती आपण पाडल्या, म्हणून यंत्राला दिसल्या. खण माणूस पाडतो, जग नुसतं सपाट असतं. तुम्ही बशीवर कप आपटलात. "ताराबाई तुझ्या खणाची वाट बघत तहानलेली होती का? ते नसणं तिथं होतंच. आपण उशिरा पोचलो." मी म्हणालो, मग उद्या पाचवी जात सापडली तर? तुम्ही म्हणालात, तर तीही आधीपासून असेल. मी म्हणालो, हे तर कसंही वळवता येतं. तुम्ही म्हणालात, बिल दे.

तो वाद तसाच राहिला. नंतर तुमच्या व्हरांड्यात कितीदा उकरून काढला आपण. शेवटच्या भेटीत तुम्हांला धाप लागत होती, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, तरी तुम्ही म्हणालात, "ही यंत्रं पुढं फार हुशार होतील. बोलतीलसुद्धा. पण जगात काय काय आहे याची यादी कुणीतरी आधी करून द्यावीच लागेल. जो ती यादी करेल, त्याला आधी गावात पाठव. खालच्या बाजूनं शिरायला सांग." मी हो म्हणालो. आणि खण माणूसच पाडतो, असंही म्हणालो. तुम्ही हात झटकलात. बाई, माझं मत अजून तेच आहे. तुम्ही असता तर अजून भांडलो असतो. पण माझं मत असं असूनही मी आता कुठलाही फॉर्म करताना आधी जाऊन बघून येतो, आणि हे कसं जमतं ते मला तर्काने सांगता येत नाही. तुम्ही याला पस्तीससुद्धा दिले नसते.

टँकर आला. तो मारुतीपुढे थांबला नाही, खाली वस्तीत गेला, कारण कार्ड वस्तीचं होतं. ताराबाईने हंडा भरला, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आमचं नाव कुनी सांगितलं रं तुला?" त्याने कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आमचा फॉर्म पुढे शेवगावकडे गेला, मग श्रीरामपूरकडेही मागवला. कार्यालयात नवा कारकून आला की त्याला सांगतात, हा ऐंशीवा, हा बाईंचा रकाना. कोण बाई, ते अर्ध्यांना माहीत नाही. पाटी नाही, तसबीर नाही. पण जिल्ह्यात कुठंही पाण्याची मोजणी झाली, की माणसांना 'कोणाचं पाणी' हे विचारावंच लागतं. एवढा मोठा विजय मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

आता तुम्हांला माहीत नसलेलं सांगतो.

वस्तीची विहीर दुष्काळी कामात मंजूर झाली होती, ते तुम्हांला ठाऊक होतं. मग पाऊस झाला, कामं थंडावली, विहीर अर्धवट राहिली. वस्तीतल्या लोकांनी ती इतकी वर्षं सोडली नाही. दिवसा दुसऱ्यांच्या शेतावर, सकाळी लवकर आपल्या विहिरीत. मुरूम लागला, मग काळा खडक. दोनदा सुरुंग लावले. तुम्ही गेल्यानंतर बाराव्या दिवशी मला निरोप आला: पाच परसांवर, पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर, पाणी लागलं. मी पहिल्या एस.टी.ने निघालो. वाटेत दोनदा मी तुमच्याकडे वळून काही सांगायला गेलो, आणि शेजारी एक अनोळखी माणूस बसला होता.

पाणी गोडं आहे बाई. मी प्यायलो. कातळाच्या फटीतून येतंय, मनगटाएवढी धार, सारखी. वस्तीतल्या पोरींनी रहाटाला झेंडूची माळ बांधली होती. ताराबाई काठावर उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती, हळू शेंदा, दोर घासतोय, काठावर बसू नका. अगदी तुमच्यासारखी.

यंदा चैत्रातच मारुतीपुढची विहीर आटली आहे. हे मला दादांनी सांगितलं नव्हतं. मी वस्तीत असतानाच वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन उतारावरून खाली आल्या. सगळ्यांच्या पुढे माझी वहिनी. त्या आल्या आणि थोड्या अंतरावर थबकल्या. रहाट थांबला. वस्तीतल्या पोरी ताराबाईकडे बघायला लागल्या, आणि वरच्या आळीतल्या बायका जमिनीकडे.

ताराबाईने पदराने तोंड पुसलं. "थांबल्या का? या की. पानी लई हाय."

वहिनी हसली, सुटल्यासारखी, आणि भराभर पावलं टाकत सरळ रहाटाकडे आली. दोराला हात घालणार तोच ताराबाईने आपला हात आडवा केला. रागाने नव्हे. शाळेत मास्तर पोराला थांबवतात तसा.

"आं हां. रांगेत. आमच्या पोरी सकाळधरनं हुब्या हायेत."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. सात पिढ्यांत आमच्या घरातली बाई पाण्याच्या रांगेत उभी राहिली नव्हती. ताराबाईने पुढच्या पोरीला खूण केली. रहाट पुन्हा करकरायला लागला.

आणि बाई, वहिनीने घागर कमरेवर घेतली, सगळ्या पोरी ओलांडून चालत शेवटाला गेली, आणि उभी राहिली.